झॅबिक्स बसवताय? आधी पॅकेज कुणाचं आणि लायसन्स कुठलं ते बघा

आमच्या पतसंस्थेच्या १६ शाखा आहेत, त्यातल्या निम्म्या अशा गावांत की फायबरवाल्याचा माणूस यायला अर्धा दिवस जातो. सोमवारी सकाळी काउंटरवर लाईन लागलेली असते आणि नेमका तेव्हाच फोन येतो, "सर, नेट गेलंय". आता नेट गेलंय म्हणजे नक्की काय गेलंय? लाईट गेली, यूपीएस बसला, राउटर हँग झाला की फायबर तुटली, हे फोनवर विचारत बसायचं, "मामा, कपाटावर काळा डबा आहे ना, त्यावरचा हिरवा दिवा लागलाय का बघा" इथून सुरुवात. असं कितीतरी वर्षं केलं आणि मग मॉनिटरिंग, म्हणजे सगळ्या शाखांची यंत्रं चालू आहेत की बंद ते एका जागेवरून बघत राहणारं सॉफ्टवेअर, बसवायचं ठरवलं. आमचं आता झॅबिक्स आहे. पहिल्या दोन वेळा बसवलं ते टिकलं नाही, तिसऱ्यांदा टिकलंय, आणि दोन्हीत फरक कशाचा होता ते सांगायला हे लिहितोय.

लोक पहिला प्रश्न विचारतात की सॉफ्टवेअर कुठलं चांगलं, ग्राफ कुणाचे भारी. माझं म्हणणं असं की ग्राफ सगळ्यांचेच बरे असतात, पहिला प्रश्न हा विचारा की हे पॅकेज (बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर) बनवतं कोण, त्याचे अपडेट मला पुढची चार-पाच वर्षं कुठून येणार, आणि त्याचं लायसन्स मला काय करू देतं. बसवणं एका दुपारचं काम आहे हो, सांभाळणं रोजचं.

तरी सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात सांगतो. नागिओस सगळ्यात जुनं नाव, १९९९ पासूनचं, अजून चालतं पण सगळं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हातानं लिहायचं. लिब्रेएनएमएस हे स्विच आणि राउटर जास्त असतील तर फार छान, डिव्हाइस स्वतःच ओळखतं, पोर्टचे ग्राफ आपोआप काढतं. प्रोमिथियस आणि ग्राफाना ही जोडी ज्यांच्याकडे प्रोग्रामर आहेत त्यांच्यासाठी. मी घेतलं झॅबिक्स, कारण पिंग (डिव्हाइस उत्तर देतं का बघणं), एसएनएमपी (स्विच-राउटरला त्यांची माहिती विचारायची पद्धत), विंडोजचे पीसी, अलर्ट आणि नकाशे सगळं एकाच ठिकाणी मिळतं आणि लांबच्या शाखेत बसवायला त्याची प्रॉक्सी, म्हणजे तिथल्या तिथे मोजून सर्व्हरला कळवणारा छोटा प्रोग्राम, मिळते. तुम्ही दुसरं घेतलंत तरी खालचं बहुतेक लागू पडेल.

पॅकेज कुठून घ्यायचं

इथे तीन-चार रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा आहे.

पहिला रस्ता म्हणजे तुमच्या लिनक्सच्याच रेपोमधून, म्हणजे त्यांच्या पॅकेजेसच्या साठ्यातून. डेबियन १२ मध्ये झॅबिक्स ६.० आहे, एपीटीनं (डेबियन लिनक्सचं पॅकेज बसवायचं टूल) एका ओळीत बसतं, सिक्युरिटीच्या दुरुस्त्या डेबियनवाले देतात, आणि मुख्य म्हणजे ते तुमच्या बाकीच्या सिस्टिमशी भांडत नाही. तोटा हा की व्हर्जन तिथेच गोठलेलं असतं, झॅबिक्स ७.० हे जून २०२४ ला आलं पण डेबियन १२ च्या स्वतःच्या रेपोत ते येणार नाही. छोट्या सेटअपला हे चालतं, मी तर म्हणेन ज्यांना महिन्यातून एकदाच सर्व्हरकडे बघायला वेळ आहे त्यांनी हाच रस्ता धरावा.

दुसरा रस्ता झॅबिक्सच्या स्वतःच्या रेपोचा, मी हाच वापरतो. त्यांच्या डाउनलोड पानावर व्हर्जन, लिनक्स, डेटाबेस आणि वेबसर्व्हर निवडलं की नेमक्या कमांड मिळतात. आधी एक छोटं रिलीज पॅकेज बसतं, ते फक्त रेपोचा पत्ता आणि सही तपासायची चावी टाकतं, मग खरं पॅकेज. इथे एक गोष्ट लोक विसरतात, बसवायच्या आधी एपीटी पॉलिसी चालवून बघा की पॅकेज खरंच कुठल्या रेपोतून येतंय, नाहीतर सर्व्हर एका रेपोतला आणि फ्रंटएंड (ब्राउझरात दिसणारा भाग) दुसऱ्या रेपोतला असा घोळ होतो. रॉकी किंवा अल्मा लिनक्स वापरत असाल तर एपेल या जादा पॅकेजेसच्या रेपोत पण झॅबिक्स असतं, म्हणून एपेलच्या कॉन्फिगमध्ये झॅबिक्सची पॅकेजेस वगळायची ओळ टाका, झॅबिक्सचे लोक त्यांच्या कागदपत्रांतही हेच सांगतात. आणि व्हर्जन निवडताना एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारं) घ्या, त्याला पाच वर्षं सपोर्ट असतो, मधल्या रिलीजना फार थोडे महिने मिळतात, नवीन फीचरच्या मोहात पडून मधलं घेतलं की सहा-सात महिन्यांत परत अपग्रेड करत बसावं लागतं.

तिसरा रस्ता डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट तयार डब्यात (त्याला इमेज म्हणतात) चालवायचं. माझा पहिला प्रयत्न इथेच बुडाला. मी इमेज घेताना व्हर्जन न लिहिता लेटेस्ट टॅग लावला होता, मार्च महिन्यात, इयर एंडिंगच्या धावपळीत, सर्व्हर रीस्टार्ट करताना नवीन इमेज ओढली गेली, मोठं व्हर्जन बदललं आणि झॅबिक्स सर्व्हर सुरू होताना डेटाबेसची रचना आपोआप नवीन करतो, परत मागे जायची सोय नाही. बॅकअप १९ दिवस जुना होता. म्हणून डॉकर वापरायचं असेल तर टॅगमध्ये पूर्ण व्हर्जन लिहा, डेटाबेसला वेगळा व्हॉल्यूम द्या, आणि हे लक्षात ठेवा की डॉकरनं बाहेर उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला बगल देऊन जातं, तुम्हाला वाटतं बंद केलंय पण ते बाहेरून उघडंच असतं. पोर्ट फक्त लोकल पत्त्यावर बांधा.

चौथा म्हणजे गिटमधून, जिथे बनवणारे कोड ठेवतात तिथून, थेट. लिब्रेएनएमएस असंच बसतं, ऑप्ट फोल्डरमध्ये क्लोन करायचं, वेगळा युजर बनवायचा, आणि ते रोज रात्री स्वतःला अपडेट करतं. ठरवून तसं केलंय, त्यात वाईट काही नाही, पण सुरुवातीला ते रोजच्या ताज्या कोडवर असतं, ऑफिससाठी चॅनल बदलून महिन्याच्या रिलीजवर आणा. काही बिघडलंसं वाटलं की त्यांची व्हॅलिडेट स्क्रिप्ट चालवा, काय चुकलंय ते ती बऱ्यापैकी नेमकं सांगते.

आणखी एक. तुम्ही स्वतः लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट असतात ना, कोअर बँकिंगचं पोर्ट उघडं आहे का, बॅकअपची फाइल आज बनली का असल्या, त्या कुठल्यातरी होम फोल्डरात टाकून ठेवू नका. त्यांचं एक साधं डेब पॅकेज बनवा, अवघड नसतं, एक कंट्रोल फाइल लागते, त्यात नाव, व्हर्जन आणि कशावर अवलंबून आहे ते. उद्या सर्व्हर बदलला तर एका कमांडमध्ये सगळं परत येतं आणि कुठल्या शाखेत कुठलं व्हर्जन आहे ते विचारता येतं.

लायसन्स, म्हणजे नुसतं फुकट आहे एवढंच नाही

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याकडे लोक फक्त फुकट एवढंच ऐकतात, आणि तिथे गडबड होते.

झॅबिक्सचंच बघा. ६.४ पर्यंत ते जीपीएल दोन खाली होतं (सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर सोर्स कोडही द्या म्हणणारं लायसन्स), ७.० पासून एजीपीएल तीन खाली गेलं (तसंच, पण बदललेलं सॉफ्टवेअर नेटवरून वापरायला दिलं तरी कोड द्या म्हणणारं). म्हणजे नाव तेच, पण डेबियन १२ च्या रेपोतून घेतलंत तर एक लायसन्स आणि कंपनीच्या रेपोतून नवीन घेतलंत तर दुसरं. ग्राफानानं पण एप्रिल २०२१ मध्ये अपाचे हे जास्त मोकळं लायसन्स सोडून एजीपीएल घेतलं. प्रोमिथियस अजून अपाचे २.० वर आहे. लिब्रेएनएमएसचा तर जन्मच लायसन्सच्या वादातून झाला, ऑब्झर्व्हियम या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरनं जीपीएल सोडलं तेव्हा २०१३ मध्ये काही लोकांनी शेवटच्या जीपीएल कोडवरून वेगळा फाटा काढला. त्यामुळे व्हर्जन लिहून ठेवताना लायसन्सही शेजारी लिहा.

आता याचा आपल्याला काय फरक पडतो? तुम्ही फक्त तुमच्या संस्थेत, काहीही न बदलता वापरताय तर जीपीएल काय आणि एजीपीएल काय, तुमच्यावर काही बंधन येत नाही, बिनधास्त वापरा, शाखा १६ असोत की १६०. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, तुम्ही सॉफ्टवेअर डब्यात घालून दुसऱ्याला देता तेव्हा, म्हणजे मिनी पीसीवर झॅबिक्स टाकून गिऱ्हाइकाला विकलं. मग सोर्स कोड सोबत द्यायचा, किंवा जीपीएल दोन असेल तर निदान तीन वर्षं मागितला तर देऊ असं लेखी द्यायचं. दोन, एजीपीएलवालं सॉफ्टवेअर तुम्ही बदललं आणि दुसऱ्यांना नेटवरून वापरायला दिलं तेव्हा, उदाहरणार्थ केबल नेटवाल्यानं ग्राफानात कोड बदलून ग्राहकांना लॉगिन दिलं, तर त्या ग्राहकांना बदललेला कोड मिळायची सोय ठेवायला लागते. डॅशबोर्ड बनवणं किंवा टेम्प्लेट (काय काय मोजायचं त्याची तयार यादी) लिहिणं म्हणजे कोड बदलणं नव्हे, तेवढ्यासाठी घाबरू नका.

नावाची गोष्ट वेगळीच आहे. लायसन्स कोड देतं, नाव देत नाही. नागिओसचं मूळ नाव नेटसेंट होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००२ मध्ये बदलावं लागलं. वायरशार्क हे नेटवर्कचा ट्रॅफिक तपासायचं टूल पण २००६ च्या आधी इथिरिअल होतं, मूळ लेखक नोकरी बदलून गेला तेव्हा नावाचा हक्क जुन्या कंपनीकडेच राहिला, कोड मात्र त्याला नेता आला. तेव्हा तुम्ही मॉनिटरिंगची सर्व्हिस विकत असाल तर तुमच्या पाटीवर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचं नाव आणि लोगो लावायच्या आधी त्यांचे ट्रेडमार्कचे नियम वाचा.

लायसन्समुळे रोजच्या कामात कसा अडथळा येतो त्याचा एक नमुना सांगतो कारण यात माझी एक संध्याकाळ गेली होती. डेबियनवर एसएनएमपीची टूल्स टाकली आणि स्विचला विचारलं तर उत्तरात नावं येत नाहीत, नुसते ठिपक्यांचे आकडे येतात. बिघाड काही नाही. त्या आकड्यांना नावं देणाऱ्या मिब फाइलींचं लायसन्स डेबियनच्या नियमात बसत नाही म्हणून त्या मुख्य रेपोत ठेवलेल्याच नाहीत. नॉन-फ्री विभाग सुरू करून मिब डाउनलोडरचं पॅकेज टाकायचं आणि एसएनएमपीच्या कॉन्फिगमध्ये मिब लिहिलेली जी एकच ओळ आहे तिच्यापुढे हॅश लावायचा, लगेच नावं दिसतात.

आणि ऑडिटर! ऑडिटर येतो आणि विचारतो, या सॉफ्टवेअरचं बिल दाखवा. बिल नाही म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी, पायरेटेड आहे का म्हणून. त्याची चूक नाही, त्याला कागद लागतो. मी एक फाइल केलीय, त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरचं एक पान, नाव, व्हर्जन, कुठल्या रेपोतून कधी घेतलं, लायसन्सचं नाव, आणि मागे लायसन्सची प्रिंट. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजच्या डॉक्युमेंटच्या फोल्डरात कॉपीराइट नावाची फाइल असते, तीच प्रिंट करायची. संचालक मंडळात कुणी शंका काढली तर सांगता येतं की केंद्र सरकारचंच २०१५ चं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण आहे, सरकारी ऑफिसांनी आधी ओपन सोर्सचा विचार करावा असं. ते आपल्याला बंधनकारक नाही पण मीटिंगमध्ये वजन पडतं.

प्रत्यक्ष बसवताना

मशीन फार मोठं नको. आमची साधारण १२० डिव्हाइस, प्रत्येकी २५ गोष्टी मोजतो, मिनिटाला एकदा, म्हणजे ३००० भागिले ६०, सेकंदाला ५० आकडे. झॅबिक्सचा हिशोब एका आकड्याला साधारण ९० बाइट धरायचा, म्हणजे ३० दिवसांची हिस्टरी जवळपास ११ जीबी. चार कोअर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना डेस्कटॉप पुरतो, पण एसएसडीच घ्या, डेटाबेस जुन्या हार्डडिस्कवर दमतो. हिस्टरी ३० दिवस, आणि तासाचे सरासरी आकडे वर्षभर, एवढं ठेवलं की बस.

पहिलं लॉगिन झालं की पासवर्ड लगेच बदला, सुरुवातीचा पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे. स्विचवर एसएनएमपीचं व्हर्जन तीन जमत असेल तर तेच घ्या, नसेल तर व्हर्जन दोन, पण पब्लिक हा पासवर्डसारखा वापरला जाणारा सुरुवातीचा शब्द बदला आणि फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीलाच उत्तर दे असं स्विचला सांगा, कारण व्हर्जन दोनमध्ये तो शब्द तारेवरून उघडाच जातो. लिनक्स मशीनवर एसएनएमपी टाकलंत आणि बाहेरून उत्तर येत नसेल तर डोकं आपटू नका, डेबियनमध्ये ते सुरुवातीला फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकतं, कॉन्फिगमध्ये पत्ता बदलायला लागतो. पोर्टचा ट्रॅफिक मोजताना ६४ बिटवाला काउंटर निवडा, ३२ बिटवाला एक गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर साधारण ३४ सेकंदांत भरून परत शून्यावर येतो आणि मिनिटाला एकदा मोजलं तर ग्राफ खोटा निघतो.

गावच्या कनेक्शनला सहसा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, त्यामुळे हेड ऑफिसमधून शाखेला पिंग पोचतच नाही. यावर दोन उपाय, वायरगार्डचा व्हीपीएन (नेटवरून काढलेली खासगी वाट), किंवा शाखेत एखाद्या जुन्या पीसीवर झॅबिक्सची ॲक्टिव्ह प्रॉक्सी, ती आतून बाहेर स्वतः फोन लावते म्हणा ना, सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर. लिंक तुटली तरी ती मोजत राहते आणि लिंक आली की साठवलेलं पाठवते, पण सुरुवातीला फक्त एक तासाचं साठवते, ते मी २४ तास केलं. एवढं मात्र पाळा, प्रॉक्सी आणि सर्व्हरचं मोठं व्हर्जन एकच ठेवायचं, एजंट (पीसीवर बसून मोजणारे छोटे प्रोग्राम) जुने असले तरी चालतात. शाखांमध्ये पॅकेज अपडेट आपोआप होत असतील तर प्रॉक्सीला होल्ड लावून ठेवा, नाहीतर एक दिवस अर्ध्या शाखा पुढे आणि सर्व्हर मागे.

लाईट गेली की लिंक गेली हे कसं ओळखायचं? यूपीएसला यूएसबी असेल तर नट नावाचं ओपन सोर्स पॅकेज आहे, स्वस्तातले बरेच यूपीएस त्याला कळतात. नसेल तर आमचा जुगाड करा, एक जुना वायफाय राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या सॉकेटवर लावायचा आणि त्याला पिंग करायचं. तो गेला आणि मुख्य राउटर चालू आहे म्हणजे लाईट गेली, यूपीएसची घड्याळं सुरू झाली, शाखेला फोन करून सांगता येतं की जास्तीचे पीसी बंद करा. दोन्ही एकदम गेले तर आधी लिंकवाल्याला फोन लावा. मला या एका गोष्टीचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच डॅशबोर्डचा नाही झाला.

लोकांनी वापरायला हवं

दुसरा प्रयत्न इथे बुडाला. सगळं तांत्रिक नीट होतं पण मी पहिल्याच दिवशी सगळे तयार टेम्प्लेट लावले आणि सगळे अलर्ट सगळ्यांच्या टेलिग्रामवर सोडले. एका शाखेची लाईट गेली की आठ-आठ मेसेज, रात्री दोन वाजता प्रिंटर बंद झाल्याचा मेसेज. तीन आठवड्यांत सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला, आणि मग हेड ऑफिसच्या सर्व्हरची डिस्क भरत आल्याचे मेसेज आले ते कुणी बघितलेच नाहीत.

म्हणून आता असं करतो. पहिले १५ दिवस एकही अलर्ट नाही, नुसतं मोजायचं आणि बघायचं. मग फक्त तीन अलर्ट सुरू करायचे, शाखेची लिंक, सर्व्हरची डिस्क, आणि बॅकअप झाला नाही. पिंग एकदा चुकला म्हणून मेसेज नको, सलग तीनदा चुकला तरच. राउटरवर बाकीचं सगळं अवलंबून आहे हे ट्रिगरच्या (अलर्ट कधी द्यायचा त्या नियमाच्या) डिपेंडन्सीत सांगायचं, म्हणजे राउटर गेला की एकच मेसेज येतो, मागच्या सात डिव्हाइसचे येत नाहीत. शाखा सहाला बंद होते, त्यानंतर पीसी बंद झाल्याचा मेसेज कशाला? होस्टला (झॅबिक्समधल्या प्रत्येक डिव्हाइसला) नावं देताना आयपी किंवा मॉडेल नंबर देऊ नका, शाखेचं नाव आणि मराठीत जागा लिहा, "काउंटरमागचा स्विच", म्हणजे मेसेज वाचून शिपाई मामासुद्धा बरोबर डब्यापाशी जातात. मेसेजमध्येच पहिली कृती लिहून टाका, कुणाला फोन करायचा, लिंकचा ग्राहक क्रमांक काय.

आणि हेड ऑफिसचंच नेट गेलं तर टेलिग्राम बाहेर कसा पडणार? झॅबिक्सला सिमकार्डवाला जीएसएम मोडेम जोडता येतो, त्यावरून एसएमएस जातो, तेवढ्या एका अलर्टसाठी तो ठेवा.

शाखा व्यवस्थापकांना ग्राफ नको असतात. त्यांना महिन्याचं एक पान द्या, लिंक किती तास बंद होती, त्यातली लाईटमुळे किती आणि लिंकवाल्यामुळे किती. आमच्याकडे या पानाचा खरा उपयोग कराराच्या वेळी झाला, लिंकवाल्याचा माणूस म्हणाला आमची सर्व्हिस नीटच असते, तेव्हा तारीख-वेळेसकट सहा महिन्यांची पानं समोर ठेवली आणि दोन शाखांची लाईन बदलून मिळाली. त्यानंतर व्यवस्थापक स्वतःहून विचारायला लागले की आमच्या शाखेचं पान कुठंय.

लॉगचं एक वेगळं काम आहे ते यात मिसळू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात सिस्टिमचे लॉग (कधी काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस भारतातच ठेवायला आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय. झॅबिक्सची हिस्टरी म्हणजे ते लॉग नव्हेत, त्यासाठी आरसिसलॉग हे लॉग गोळा करणारं सॉफ्टवेअर वेगळ्या डिस्कवर चालवा. घड्याळं मात्र आधी जुळवा, नाहीतर राउटर म्हणतो १०:१२ ला लिंक गेली आणि सर्व्हर म्हणतो १०:१९, मग कुणाशी वाद घालता येत नाही.

सगळं झालं की तुमच्याऐवजी हे दुसऱ्या कुणाला चालवता येतं का ते बघा. मी ऑफिसातल्या अकाउंटच्या पोराला बसवलं, मराठीत लिहिलेली चार पानांची वही दिली आणि एक रिकामं मशीन, म्हटलं बॅकअपवरून झॅबिक्स उभं कर, मी बोलणार नाही. पहिल्यांदा तो डेटाबेसच्या कॅरेक्टर सेटपाशी अडकला कारण ते मी वहीत लिहिलंच नव्हतं, यूटीएफ-८ चा चार बाइटवाला प्रकार आणि बायनरी कोलेशन लागतं. ते लिहिलं. दुसऱ्यांदा रेपोची चावी राहिली होती. तिसऱ्या वेळी त्यानं दोन तासांत उभं केलं, आणि पुढच्या महिन्यात मी लग्नाला गावी गेलो होतो तेव्हा एका शाखेची प्रॉक्सी त्यानंच बदलली, मला सोमवारी कळलं.